विज्ञानाचे ऑनलाइन वर्ग : फुकटचे पुष्कळ, पण आपल्या मुलांच्या उपयोगाचे कोणते?



आठवी ते इंटरपर्यंतच्या मुलांचे पालक भेटले की सध्या एक प्रश्न हमखास निघतो. विज्ञानासाठी मुलाला कोणता ऑनलाइन कोर्स लावावा? कुणी पुण्यातल्या नातेवाइकाने सुचवलेले ॲप दाखवतो, तर कुणाला हैदराबादहून विक्रीचा फोन आलेला असतो. गेले काही महिने आम्ही हा विषय थोडा खोलात जाऊन पाहिला. सरकारी संकेतस्थळे उघडली, पाठ्यपुस्तके शेजारी ठेवून ताडली, आणि पैशाच्या बाजूकडे बँकेतल्या सवयीने नजर टाकली.

आमचा निष्कर्ष असा. चांगले अभ्यासक्रम फुकट आणि भरपूर आहेत. मात्र भीमपूरच्या मराठी मुलासाठी एका जागी तयार मिळेल असा एकही नाही. मराठीत आहे ते महाराष्ट्र बोर्डाचे, आणि तेलंगण बोर्डाचे आहे ते मुख्यतः तेलुगू, इंग्रजी नाहीतर उर्दूत. त्यामुळे आपल्याला तो जोडून घ्यावा लागतो. हे काम अवघड नाही, पण घरातल्या कुणीतरी तास-दोन तास बसून करावे लागते. त्याऐवजी पैसे भरून मोकळे होण्याकडे आपला कल असतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

आपण कुठे उभे आहोत

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आपण इकडे राहिलो. २०१६ च्या फेररचनेत तामसीतून भीमपूर मंडल वेगळे झाले. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र आहे आणि सोयरिकी दोन्ही काठांवर आहेत. म्हणून मूल हुशार निघाले की त्याला यवतमाळ, नांदेड किंवा लातूरला शिकायला ठेवण्याचा विचार सहज मनात येतो.

इथे एक ताजी गोष्ट लक्षात घ्यावी. तेलंगण सरकारने २०२४ मध्ये आदेश क्रमांक ३३ काढला. त्यानुसार राज्य कोट्यातील वैद्यकीय जागांसाठी स्थानिक ठरायचे असेल तर नववी ते बारावी ही सलग चार वर्षे तेलंगणात शिकलेली असावी लागतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने हा नियम उचलून धरला. अभियांत्रिकी प्रवेशातही शिक्षण कुठे झाले हे स्थानिकत्वासाठी पाहिले जाते.

म्हणजे दहावीनंतर मुलाला लातूरला पाठवले तर तेलंगणातला त्याचा स्थानिक हक्क धोक्यात येतो. महाराष्ट्राच्या वैद्यकीय राज्य कोट्यासाठी साधारणपणे तिथला अधिवास आणि तिथलीच दहावी-बारावी लागते. वादग्रस्त सीमाभागाची जी सवलत महाराष्ट्र देतो ती कर्नाटकातील गावांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. आदिलाबादला रिम्ससारखे वैद्यकीय महाविद्यालय असताना आपलेच मूल स्थानिक ठरू नये, ही वेळ पालकांच्या घाईने येऊ शकते.

तेव्हा मूल इथेच शिकणार असेल तर शिकवणीची सोय इथेच हवी. आदिलाबादला रोज जाणे-येणे प्रत्येकाला जमत नाही. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून आपल्या मंडलात येतात हे सर्वांना ठाऊक आहे. अशा दिवसांत संध्याकाळच्या शिकवणीला, त्यातही मुलींना, कोण पाठवणार? ऑनलाइन वर्गाचे महत्त्व आपल्या गावांना शहरापेक्षा जास्त आहे ते या कारणाने.

पुस्तक एक, व्हिडिओ दुसऱ्याच पुस्तकाचा

पहिली अडचण अभ्यासक्रमाची. पालक मराठीत 'दहावी विज्ञान' शोधतात. समोर येते ते बहुतेक बालभारतीच्या पुस्तकावरचे असते. बालभारतीच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग १ मध्ये पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आणि शेवटचा अवकाश मोहिमांचा आहे. तेलंगणात गुरुत्वाकर्षण नववीतच होऊन जाते. उलट तेलंगणाच्या दहावीच्या भौतिक-रसायनात अणूची रचना आणि रासायनिक बंध असे दोन मोठे धडे आहेत, आणि बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात त्यांना स्वतंत्र धडे नाहीत. मुलाने महाराष्ट्राचा कोर्स इमानेइतबारे पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, तरी रासायनिक बंधाचा प्रश्न आला की ते कोरेच राहणार.

समान भागही बराच आहे. रासायनिक समीकरणे, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, भिंगे व अपवर्तन, विद्युतधारा, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे हे दोन्हीकडे आहे. जीवशास्त्रात जीवनप्रक्रिया, आनुवंशिकता व उत्क्रांती, पर्यावरण हेही जुळते. एवढ्या धड्यांसाठी महाराष्ट्राचे मराठी साहित्य खुशाल वापरावे. बाकीचे तेलंगणाच्या साहित्यातून घ्यावे.

त्यासाठी एक साधा कागद पुरतो. डावीकडे आपल्या शाळेच्या पुस्तकातील धड्यांची यादी लिहावी आणि उजवीकडे प्रत्येक धडा कुठे पाहायचा ते. हा कागद मुलाच्या टेबलासमोर चिकटवावा. असा कागद नसेल तर पाच ॲप, दहा चॅनेल, आणि एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते.

दहावीचे गुण अजून एका कारणाने मोलाचे आहेत. आपल्या जुन्या जिल्ह्यातल्या बासरला २००८ पासून राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, ज्याला आपण बासरची ट्रिपल आयटी म्हणतो. तिथे दहावीनंतर सहा वर्षांचा एकात्मिक अभियांत्रिकी अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी वेगळी परीक्षा नाही, दहावीचे गुणच पाहतात. म्हणून नववी-दहावीत 'नीट फाउंडेशन'च्या महागड्या नादाला लागण्याआधी शाळेचे पुस्तक पक्के करणे हाच शहाणपणाचा हिशेब आहे.

परीक्षा कोणत्या भाषेत

दुसरी अडचण भाषेची. जेईई मेन २०२१ पासून १३ भाषांत होते, नीटही १३ भाषांत होते, आणि दोन्हींत मराठी आहे. हे वाचून आपल्याकडे अनेकांना वाटते की मुलगा मराठीतून पेपर देईल. पण माहितीपत्रकातील बारीक ओळ वाचावी. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. तेलंगणातल्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू एवढेच पर्याय असतात. केंद्र निवडण्याचे नियमही दरवर्षी माहितीपत्रकात पाहूनच अर्ज भरावा. तेलंगणाच्या ईएपीसीईटीला तर मराठी नाहीच. इंग्रजीच्या जोडीला तेलुगू किंवा उर्दू.

सरकारी शाळांतही वारे त्याच दिशेने आहे. २०२२-२३ पासून तेलंगणाने इंग्रजी माध्यम टप्प्याटप्प्याने आणले आणि एका पानावर इंग्रजी तर समोरच्या पानावर तेलुगू अशी पुस्तके छापली. इंटरला विज्ञान घेणारे मूल पुढे इंग्रजीतच शिकणार हे धरून चालावे.

मग मराठी सोडून द्यायची का? आमचे मत स्पष्ट आहे की नाही. समजून घेण्यासाठी घरच्या भाषेइतके सोपे काही नाही. मात्र समजल्यावर तीच गोष्ट परीक्षेच्या भाषेत लिहिता आली पाहिजे. यासाठी शब्दांची वही हवी, आणि ती किती गरजेची आहे हे दोन उदाहरणांवरून दिसेल.

मराठी पुस्तकात अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू. हिंदी व्हिडिओत मात्र मराठीतल्या अणूला 'परमाणु' म्हणतात आणि 'अणु' हा शब्द आपल्या रेणूसाठी वापरतात. तेलुगूतही तसेच: 'परमाणुवु' म्हणजे आपला अणू, 'अणुवु' म्हणजे आपला रेणू. मराठीत शिकलेले मूल हिंदी किंवा तेलुगू वर्ग ऐकते तेव्हा शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ उलटा बसतो.

दुसरे उदाहरण क्षाराचे. मराठीत आम्ल, आम्लारी आणि क्षार अशी त्रयी आहे; आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी तयार होते. मीठ हा आपल्या भाषेत क्षार. पण तेलुगूत 'क्षारम्' म्हणजे आपली आम्लारी, आणि मिठासारख्या पदार्थाला 'लवणम्' म्हणतात. हिंदीतही क्षार हा शब्द आम्लारीच्या बाजूचा आहे आणि आपल्या क्षाराला 'लवण' म्हणतात. एका शब्दामुळे पूर्ण धडा उलटा समजू शकतो. यात मुलाच्या बुद्धीचा काही दोष नाही. तीन भाषांच्या सीमेवर राहण्याचा हा खर्च आहे, आणि तो आधीच वहीत मांडून ठेवला तर भुर्दंड पडत नाही.

म्हणून प्रत्येक धड्याला मराठी, इंग्रजी आणि तेलुगू असे तीन रकाने करून वीस-पंचवीस शब्द लिहावेत. ज्यांच्या घरी गोंडी बोलतात त्यांनी चौथा रकाना जोडावा.

फुकट काय काय आहे

आता प्रत्यक्ष साधने. आम्ही यादी मुद्दाम छोटी ठेवली आहे.

शाळेच्या धड्यांसाठी 'दीक्षा' हे केंद्र सरकारचे व्यासपीठ आहे, सप्टेंबर २०१७ पासून चालू. त्यात बोर्ड, माध्यम आणि इयत्ता निवडावी लागते. बोर्ड तेलंगण निवडून एकदा पाहावे, आणि समान धड्यांसाठी महाराष्ट्र व मराठी निवडून पुन्हा पाहावे. बालभारतीची पुस्तकेही ई-बालभारतीवरून मोफत उतरवून घेता येतात.

नेटवर्क नसेल तिथे टीव्ही कामाचा. कोविडच्या काळात १ सप्टेंबर २०२० पासून तेलंगणातील शाळांचे धडे दूरदर्शन यादगिरी आणि टी-सॅटवरून दाखवले गेले, हे अनेक घरांना आठवत असेल. टी-सॅटची 'विद्या' वाहिनी आजही शालेय धड्यांसाठी आहे. पीएम ई-विद्या योजनेतील इयत्तावार वाहिन्या डिशवर दिसतात आणि त्यांना डेटा लागत नाही.

प्रयोगांची उणीव हे आपल्या शाळांचे जुने दुखणे. त्यासाठी दोन साधने फार चांगली आहेत. एक अमृता विद्यापीठ व सी-डॅक यांचे 'ओलॅब्स', नववी ते बारावीच्या प्रयोगांसाठी. दुसरे अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट'. ते नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केले. त्यात मुलाला स्वतः विद्युत मंडल जोडता येते, भिंग पुढे-मागे सरकवता येते. बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेटवर्कशिवाय चालतात. हाताने करायच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ आहे. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून विज्ञान शिकवणारे त्यांचे छोटे चित्रपट मराठीतही आहेत.

इंटरच्या मुलांसाठी 'स्वयम' वर अकरावी-बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. नीट आणि जेईईच्या सरावासाठी शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी २०२३ मध्ये 'साथी' सुरू केले आहे. तेही मोफत.

एवढ्यावर अभ्यास पूर्ण होतो का? साधनांच्या बाजूने होतो. कमी पडते ते मुलाजवळ बसून 'आता वही काढ आणि लिहून दाखव' म्हणणारे माणूस. वीस मिनिटे व्हिडिओ पाहिला तर चाळीस मिनिटे कागदावर गेली पाहिजेत. कोणताही कोर्स पारखायचा असेल तर एकच धडा पंधरा दिवस त्यावर करावा, मग पुस्तकातले दहा प्रश्न पुस्तक मिटून सोडवायला लावावेत. सहा-सात बरोबर आले तर कोर्स चालू ठेवावा. फक्त दोन-तीन आले, तर कोर्स कितीही नावाजलेला असो, तो आपल्या मुलाचा नाही.

पैसे भरण्याआधी

काही पालक तरीही पैसे देऊन कोर्स घेतील. त्यात गैर काही नाही. स्वस्त आणि चांगले कोर्सही आहेत. मात्र व्यवहार डोळे उघडे ठेवून करावा.

बायजूजचे उदाहरण ताजे आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर धरले जात होते. १६ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाने, क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीच्या दाव्यावर, तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली. मोठे नाव म्हणजे टिकाऊ सेवा, असे समजू नये.

या क्षेत्रात कर्जाची रचना समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे. हप्त्यावर कोर्स घेता तेव्हा बहुधा दोन करार होतात: शिकवण्याचा करार कंपनीशी आणि कर्जाचा करार एखाद्या वित्तसंस्थेशी. वित्तसंस्था कंपनीला पैसे देऊन मोकळी होते. उद्या मुलाला कोर्स आवडला नाही, किंवा वर्ग बंद पडले, तरी हप्ते चालूच राहतात. हप्ता थकला की सिबिलवर नोंद होते, आणि पुढे तीच नोंद मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी आडवी येते.

'बिनव्याजी हप्ता' या शब्दाचाही हिशेब मांडून पाहू. समजा रोख भरल्यास कोर्स ३०,००० रुपयांना मिळतो आणि हप्त्याने ३,००० रुपये दरमहा, १२ महिने. एकूण ३६,००० झाले. जादा ६,००० म्हणजे वीस टक्के वाटतात. पण मुद्दल दरमहा कमी होत जाते, म्हणून खरा दर वर्षाला सुमारे ३५ टक्के पडतो. कापसावर जगणाऱ्या घराचा आणखी एक प्रश्न आहे. आपले पैसे येतात कापूस विकला की, वर्षातून एकदा. हप्ता येतो दर महिन्याला. जून-जुलैत बी-बियाण्याला पैसे लागतात तेव्हाही हप्ता थांबत नाही. ज्याचे उत्पन्न हंगामी त्याने मासिक हप्त्याचे कर्ज कोर्ससाठी घेऊ नये, एवढे आम्ही ठामपणे सांगू.

शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सूचना दिल्या होत्या: खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची परवानगी देऊ नका, अटी नीट वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ऑक्टोबर २०२१ पासून, कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी. तो संदेश आला की वाचल्याशिवाय पुसू नका. डिजिटल कर्जासाठी सप्टेंबर २०२२ च्या नियमावलीत कर्जाचे मुख्य तपशील एका पत्रकात देणे आणि ठरावीक दिवसांत दंडाशिवाय कर्ज परत करण्याची मुभा देणे बंधनकारक केले आहे. ते पत्रक मागून घ्या. आणि घरी आलेल्या किंवा फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगून सही उरकू नका. 'आजच शेवटचा दिवस' म्हणणाऱ्याला 'मग राहू द्या' म्हणायला शिकले पाहिजे.

आपल्या संस्थेने काय करावे

पैसे न लागणाऱ्या तीन गोष्टी संस्थेने हाती घ्याव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली, धडा-ताळा. नववी आणि दहावीच्या तेलंगण पुस्तकातील प्रत्येक धड्यासमोर मोफत साहित्याचा पत्ता लिहिलेली यादी. दोन निवृत्त शिक्षक आणि एक महाविद्यालयीन मूल एवढ्यांनी मिळून ती महिनाभरात होईल. नंतर ती याच संकेतस्थळावर ठेवता येईल.

दुसरी, तीन भाषांचा शब्दसंग्रह, धड्यांनुसार. अणू आणि क्षाराचा गोंधळ प्रत्येक घरात वेगळा सोडवत बसण्यापेक्षा एकदाच सोडवावा.

तिसरी, रविवारचा तास. एका घरात एकच फोन असतो, आणि तो वडिलांबरोबर शेतात जातो. समाजमंदिरात एक टीव्ही आणि एक जुना लॅपटॉप ठेवला, तर वीस मुले एकत्र एक प्रयोग पाहू शकतात आणि मग तिथेच वहीत उतरवू शकतात. हैदराबाद, पुणे किंवा नागपूरला नोकरी करणाऱ्या आपल्या विज्ञान पदवीधर मुला-मुलींनी आठवड्यातून एक तास व्हिडिओ कॉलवर शंका सोडवल्या, तर त्या तासाची बरोबरी कोणताही विकतचा कोर्स करणार नाही.

ज्यांना यापैकी एखाद्या कामात हातभार लावायचा आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत नाव द्यावे. आणि ज्या घरी या आठवड्यात कोर्सचा करार व्हायचा आहे, त्यांनी सही करण्याआधी तो कागद संस्थेत एकदा आणून दाखवावा. वाचून द्यायला आम्ही आहोत.